गोचीड, गोल डाग आणि वन्संचं गाऱ्हाणं

गोचीड काढायच्या रीती आमच्या गावात माणशी एक होत्या. कुणी तिच्यावर खोबरेल सोडून वाट बघत बसायचं, कुणी उदबत्तीचं पेटतं टोक लावायचं, कुणी तंबाखूचा चुना फासायचं. शेजारचे काका तर सरळ नखांनी उपटून चुलीत टाकायचे आणि ती फुटल्याचा आवाज आला की समाधानानं मान हलवायचे. मी रत्नागिरी शहरातली. लग्न होऊन आचऱ्याजवळच्या या गावात येईपर्यंत गोचीड कशाशी खातात ते मला माहीत नव्हतं. पहिली पाहिली ती गाईच्या कानात. मला वाटलं एरंडाची बी चिकटलीय. काढायला हात लावला तर बीचे पाय हलले. त्या दिवसापासून गोठा म्हटलं की माझ्या अंगावर काटा येई.

गोठा वन्संचा होता. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत त्यांचा नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, माहेरी परत आल्या त्या कायमच्याच. सासू-सासरे मी यायच्या आधीच गेलेले. त्यामुळे घर, परसातली माडांची रांग आणि गोठ्यातली तांबडी गाय, सगळं त्यांच्या हातात. मी गावच्या शाळेत शिकवत होते आणि नवरा मालवणला कचेरीत कारकून. मुलगी झाली तेव्हा रजा संपताच तिला मी वन्संच्या मांडीवर टाकली नि शाळेत गेले. तिथून पुढं ती मुलगी अर्धी माझी आणि अर्धी त्यांची, हे न बोलता ठरलं. खरं सांगायचं तर अर्ध्याहून जास्तच त्यांची. झोपायची त्यांच्याजवळ, बोलायची त्यांच्यासारखी मालवणी, आणि दिवसातला निम्मा वेळ गाईच्या गळ्यात पडलेली. मी शाळेत इतरांच्या पोरांना 'मला, तुला' शिकवत होते आणि घरी माझीच पोर 'माका, तुका' करत होती. नवरा त्यावरून मला फार चिडवायचा.

मुलगी साडेपाच-सहा वर्षांची असताना, एका मार्च महिन्यात, मी शाळेतून आले तर ती ओटीवर पाय पसरून बसली होती. म्हणाली, "आई, माका गोचीड चावली. आत्येन काढल्यान." डाव्या गुडघ्याच्या मागे, लवणीत, लालसर ठिपका दिसत होता. वन्सं चुलीपाशी होत्या. मी विचारलं, "निघाली ना पूर्ण?" त्या म्हणाल्या, "पडली आपसूक." झालं. गाईगुरांच्या घरात पोरांना गोचीड चावायचीच, त्यात काय एवढं बोलायचं. मी हातपाय धुऊन वह्या तपासायला बसले.

दोन-तीन दिवसांनी अंघोळ घालताना पाहिलं तर ठिपक्याचा चट्टा झालेला. मधे त्वचा फिकट, भोवती लाल कडं, बांगडीएवढं गोल. खाजतंय म्हणाली. मी खोबरेल लावलं नि गप्प बसले. आणि नेमका त्याच आठवड्यात माझा धाकटा भाऊ सुट्टीवर आला.

भाऊ बोटीवर नोकरीला होता. परदेशी बंदरं हिंडून यायचा, येताना साबण, चॉकलेटं आणि पोतंभर गोष्टी आणायचा. भाचीला मांडीवर घेतली, चट्टा पाहिला, आणि त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, "ताई, हे काय चावलंय?" मी सांगितलं. मग त्यानं सांगितलं ते असं. अमेरिकेत हल्ली एक आजार निघालाय, लाइम नावाच्या गावावरून त्याला नाव दिलंय. गोचीड चावते, चावल्या जागी असा गोल चट्टा येतो, काही दिवसांनी आपोआप जातो. माणसाला वाटतं बरं झालं. आणि मग महिन्यांनी गुडघे सुजतात. त्यांच्या बोटीवरच्या एका गोऱ्या इंजिनियरचा मुलगा असाच लंगडायला लागला होता.

"बरा झाला का तो?" मी विचारलं.

"काय माहीत," भाऊ म्हणाला. "माझं बंदर आलं, मी उतरलो."

माणसानं अर्धी गोष्ट सांगू नये. सांगायची तर शेवटापर्यंत सांगावी, नाहीतर तोंड मिटून चॉकलेटं वाटावीत. पण तो माझा भाऊ, त्याला तरी काय बोलणार. तो बोलला ते काळजीपोटी. 

आजच्या आयांना सांगून पटणार नाही. आता असलं काही मनात आलं की हातातल्या फोनवर चार अक्षरं टाकायची, वाईट का होईना पण काहीतरी उत्तर समोर येतं. तेव्हा विचारायचं कुणाला? मालवणच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. भला माणूस. त्यांनी चट्टा पाहिला, म्हणाले, "बाई, गोचिडीनं आपल्याकडं काही होत नाही. कर्नाटकाच्या रानात माकडताप होतो म्हणतात, पण ते तिकडं लांब. तुम्ही म्हणता तो आजार मी तर ऐकलेला नाही." मलम दिलं. "काही लावलं होतंत का याला?" असंही विचारलं. मी म्हटलं, खोबरेल तेवढं लावलं. ऐकलेला नाही, या शब्दांनी माझं समाधान व्हायच्या ऐवजी उलटंच झालं. ज्याचं नाव डॉक्टरला ठाऊक नाही त्याचं औषध कोण देणार?

तर मग मी माझ्या परीनं औषध सुरू केलं. पहिलं म्हणजे गोठा बंद. दुसरं, रात्री वन्संजवळ झोपणं बंद. वन्सं पहाटेपासून गाईच्या अंगाला अंग लावून, त्यांच्या लुगड्यातून एखादी गोचीड अंथरुणात आली तर? मुलीला मी माझ्या खोलीत घेतलं. पायात लांब पायजमा चढवला, तोही नाडी घट्ट बांधून, एप्रिलच्या घामात. रोज सकाळी उठली की दोन्ही गुडघे दाबून बघायचे, डावा उजव्यापेक्षा मोठा वाटतो का. एकदा मोजपट्टीसुद्धा लावली. नवरा दारात उभा राहून म्हणाला, "झंपर शिवतेस काय तिच्या गुडघ्याला?" त्या वेळी मी जे बोलले ते इथं लिहीत नाही.

वन्संना मी एवढंच सांगितलं की गोचिडीनं मोठा आजार होतो, तिला तुमच्याजवळ येऊ देऊ नका. त्यांनी ऐकून घेतलं. "बरां," म्हणाल्या. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. पण संध्याकाळी दूध काढून आल्या की ओटीच्या खालच्या पायरीवर बसायच्या, वर येत नसत. मुलगी ओटीवरून त्यांच्याशी बोलायची. मधे चार पायऱ्यांचं अंतर ठेवून दोघींच्या गप्पा चालत, तांबडीनं आज काय खाल्लं, कुणाला शिंग दाखवलं. मला ते दिसत होतं. वाईटही वाटत होतं. पण आजही मला कुणी विचारलं तर सांगेन, मी तेच केलं असतं. आईनं नाही घाबरायचं तर कुणी घाबरायचं? या गोष्टीनंतर कितीतरी वर्षांनी आमच्याच जिल्ह्याच्या दक्षिणेला खरोखरच माकडताप आला, गोचिडीमुळंच, आणि माणसं दगावली. म्हणजे लांब लांब म्हणतात ते काही कायम लांब राहत नाही. तेव्हा माझ्या भीतीला कुणी हसू नये.

आणि मग एके दिवशी मुलगी लंगडायला लागली.

सकाळी अंगणातून विहिरीकडं जाताना पाय ओढत गेली. मी कळशी तिथंच टाकून धावले. जवळ घेऊन विचारलं, दुखतं का? हो म्हणाली. कुठं? इथं. गुडघा सुजलेला दिसत नव्हता, पण मला त्या वेळी तो भोपळ्याएवढा दिसला. भावाची सुट्टी संपायला थोडे दिवस होते. त्याला म्हटलं, ऊठ, गोव्याला जायचं. आमच्याकडं तेव्हा मोठं दुखणं म्हणजे गोवा, अजूनही बहुतेक तेच. नवऱ्याला रजा मिळेना. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं आम्ही तिघं निघालो. अंगणाच्या कडेला वन्सं उभ्या होत्या, हातात शेणाची पाटी तशीच. मुलगी भावाच्या खांद्यावरून हात हलवत होती. मी मागं वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर रडले असते.

गोव्याच्या त्या मोठ्या इस्पितळात त्वचेचे डॉक्टर होते, वयस्क, गोव्याचेच. मी सगळी हकिकत सांगितली. भावानं अमेरिकेचं सांगितलं. त्यांनी त्या आजाराविषयी वाचलेलं होतं, त्यामुळे आम्हाला उडवून लावलं नाही. मुलीला चालायला सांगितलं. ती लंगडत दारापर्यंत गेली आणि लंगडत परत आली. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा एकदा." पुन्हा गेली. आम्हाला काही कळलं नाही. डॉक्टरांनी हळूच विचारलं, "बाई, आधी डाव्या पायानं लंगडत होती, आता उजव्या पायानं. नक्की कुठला पाय?"

माझा भाऊ खिडकीबाहेर बघायला लागला. मुलगी माझ्याकडं बघायला लागली. घरात गेले कित्येक दिवस गुडघे, लंगडणं, लंगडणं, गुडघे, एवढंच चाललेलं. पोरीनं ऐकलं आणि करून पाहिलं. केल्यावर आई कडेवर घेते, मामा खांद्यावर घेतो, मग कोण सोडतंय.

पण चट्टा तर खोटा नव्हता. तो आता तपकिरी पडला होता, कडेची साल निघत होती. डॉक्टर भिंग घेऊन बराच वेळ पाहत राहिले. मग मला सोडून त्यांनी सरळ तिलाच कोकणीत विचारलं, इथं काय लावलंय म्हणून, "हांगा कितें लायलां गो?"

"काजीचा त्याल," मुलगी म्हणाली. "आत्येन लावल्यान. गोचीड टपकन पडली."

डॉक्टर मागं टेकून हसले. मला मात्र उजेड पडायला क्षणभर लागला. काजूच्या बिया भाजताना टरफलातून काळं जळजळीत तेल सुटतं. आमच्याकडं ते करवंटीत जमवून ठेवतात. दाराच्या चौकटीला वाळवी लागू नये म्हणून लावतात, टाचेच्या भेगांत भरतात, गुरांच्या जखमेवरही घालतात. कातडीला लागलं तर पोळतं, आणि कोवळ्या कातडीला तर दोन दिवसांनी फोड येऊन पसरत जातं. वन्संनी गोचिडीभोवती काडीनं त्याचं एक कडं काढलं होतं. गोचीड बसली होती तेवढी जागा कोरी राहिली, भोवती पोळलं, कडं तयार झालं. काजूच्या मोसमात असले डाग आम्ही रोज बघतो, डॉक्टर म्हणाले, फक्त असा गोल कुणी रेखून आणत नाही. एक रात्र ठेवून घेऊन रक्त तपासलं, सांधे तपासले. मूल ठणठणीत आहे, घरी न्या. पुढच्या वेळी चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, तेल नको नि उदबत्ती नको.

मालवणच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, काय लावलं म्हणून. पण काजूचं तेल लावलं असेल हे मनात यावं तर कसं? ते काय औषध होतं? ते मिठासारखं, राखेसारखं घरात असायचं. वन्संना विचारायचं मला सुचलं नाही आणि सांगावं असं त्यांना वाटलं नाही. चट्टाही त्यांनी पुढं पाहिलाच नव्हता, तो मी पायजम्यात बांधून टाकला होता.

परतीच्या एसटीत मी हसत होते की रडत होते, भावालाच ठाऊक. पण सावंतवाडी ओलांडली आणि सुटका झाल्याच्या आनंदाच्या जागी मला राग यायला लागला. माझा राग असाच आहे, संकट टळल्यावर येतो. घरी पोचल्यावर वन्संना काय काय बोलायचं याची मी मनात जुळवाजुळव केली. कोवळ्या पोरीच्या पायाला ते जळकं तेल लावता म्हणजे काय? गावाच्या फाट्यावर नवरा सायकल घेऊन उभा होता. मी तिथंच सुरुवात केली. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "थांब जरा. आक्कानं काल देवळात गाऱ्हाणं घातलं." वन्संना तो आक्का म्हणायचा.

गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडं देवापुढं रीतसर मागणं. आपण नारळ ठेवायचा, आपलं दुखणं गुरवाला सांगायचं, आणि गुरव ते मोठ्यानं देवाला ऐकवतो. जमलेली मंडळी प्रत्येक वाक्यागणिक होकार देतात. म्हणजे देवाच्या आधी ते साऱ्या गावाला कळतं.

"पोरीसाठी घातलं असेल," मी म्हटलं. राग जरा खाली बसला.

"पोरीसाठी नाही," नवरा म्हणाला आणि सायकलच्या घंटीशी चाळा करायला लागला. "तुझ्यासाठी."

मग त्यानं सांगितलं. गुरवानं विचारलं, काय घालू? चेडवाचं, म्हणजे पोरीचं, दुखणं? तर वन्सं म्हणाल्या, चेडवाक काय जाला नाय, तां खाता, खेळता, घोरता. दुखणा तिच्या आवशीक लागलाहा. आवस म्हणजे आई, म्हणजे मी. आणि मग गुरव सगळ्यांसमोर म्हणाला, बा देवा म्हाराजा, बारा येशीच्या म्हाराजा, ह्या लेकराच्या घरच्या सुनेच्या मनात जा भय बसला हा, तां मुळासकट काढून टाक. तां गेला तर आपली तांबडी गाय तुझ्या दारात आणून बांधतला म्हणता.

"आणि मंडळी काय म्हणाली?" मी विचारलं.

"काय म्हणणार? व्हय म्हाराजा."

"तुम्ही होतात तिथं?"

"होतो."

"तुम्हीपण म्हणालात?"

"अगं, सगळेच म्हणत होते," नवरा म्हणाला.

एसटीत जुळवलेलं सगळं भाषण माझ्या तोंडातल्या तोंडात राहिलं. साऱ्या गावासमोर माझं नाव देवाच्या कानावर घातलं म्हणून संतापावं, असं एकदा वाटलं. पण त्या बाईकडं स्वतःचं असं काय होतं? एक गाय. आणि दुसरी ही पोर, जी मी त्यांच्या अंथरुणातून उचलून नेली होती. त्यांनी पोर परत मागितली नव्हती. माझी झोप परत मागितली होती, आणि त्यासाठी गाय द्यायला निघाल्या होत्या.

आम्ही पोचलो तेव्हा वन्सं पायरीवर बसल्या होत्या. मुलगी भावाच्या हातातून सुटली नि धावत, कुठल्याही पायानं न लंगडता, जाऊन त्यांच्या अंगावर पडली. त्यांनी हात वर धरले, तिला शिवल्या नाहीत. माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली तेव्हा कुठं हात खाली आले. मी त्यांना तेलाचं सांगितलं, शक्य तेवढ्या हळू आवाजात. त्यांनी मुलीचा पायजमा वर सारून तो डाग प्रथमच पाहिला. बराच वेळ पाहिला, अंगठ्यानं कडेकडेनं चाचपला. "माझ्याच हातान," एवढंच म्हणाल्या. मग पदरानं डोळे पुसले आणि लगेच कामाचं बोलायला लागल्या, कारण त्यांचा स्वभावच तसा.

"मगे आता भय गेला मां तुझा? खरा काय तां सांग. देवाक बोललंय मी. गेला आसात तर उद्याच गाय नेऊक होई."

गोठ्यातून तांबडी हंबरत होती, दुधाची वेळ झालेली. मुलगी वन्संच्या मांडीवर बसून त्यांच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. डॉक्टरांनी मूल ठणठणीत आहे असं सांगितलं होतं. भीती कुठं होती? कुठंच नव्हती. माझ्या एका 'हो'वर उद्या गाय देवळाच्या दारात बांधली जाणार होती.

"नाही वन्सं," मी म्हटलं. "गेली नाही अजून."

त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. "एवढ्या मोठ्या डाक्टरान सांगूनय?"

"सांगूनही. थोडी राहिलीच आहे."

"मगे गाय रवांदे गोठ्यात," वन्सं म्हणाल्या आणि दूध काढायला उठल्या. मुलगी त्यांच्या मागोमाग गोठ्यात गेली.

पुढं कितीतरी वर्षं, मुलगी कणकवलीला कॉलेजात गेली तेव्हा, नोकरीला पुण्याला गेली तेव्हा, वन्सं मला मधेच विचारायच्या, "गेला काय गो भय?" मी म्हणायची, नाही अजून. तांबडी म्हातारी होऊन आमच्याच गोठ्यात मेली. मग तिची कालवड होती, देवाला आता ती द्यायची, म्हणून विचारणं चालूच. शेवटच्या आजारातसुद्धा, बोलणं तुटक झालेलं असताना, त्यांनी एकदा डोळे उघडून तेच विचारलं आणि मी तेच उत्तर दिलं. गाय वाचवायला मी खोटं बोलतेय, असं त्या पहिल्या दिवशी पायरीवर उभी असताना मला खरंच वाटलं होतं.